रक्तातच अडलेली प्रतिकारशक्ती : श्वेतपेशींच्या आसंजन-न्यूनतेची जनुकीय कारणे

प्रस्तावना

संसर्गापासून शरीराचे रक्षण करण्यात श्वेत रक्तपेशींचा वाटा फार मोठा आहे, हे आता शालेय पाठ्यपुस्तकांतूनही शिकवले जाते. परंतु या पेशी रक्तात पुरेशा संख्येने असणे आणि गरज पडेल तेव्हा त्या संसर्गाच्या जागी पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. रोगजंतू बहुधा त्वचेतून, हिरड्यांतून, फुप्फुसांतून किंवा आतड्याच्या अस्तरातून शिरकाव करतात, तर श्वेतपेशी रक्तप्रवाहाबरोबर वाहत असतात, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिनीची भिंत उभी असते. ही भिंत ओलांडण्याची क्षमता ज्या बालकांच्या श्वेतपेशींत जन्मतःच नसते, त्यांच्या रक्तात पेशींची गर्दी होऊनही जखम चिघळत राहते आणि साधा संसर्गही प्राणावर बेततो. या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘ल्युकोसाइट अ‍ॅड्हिजन डेफिशियन्सी’, संक्षेपाने ‘एलएडी’, असे नाव आहे. मराठीत त्याला श्वेतपेशींची आसंजन-न्यूनता म्हणता येईल, कारण आसंजन म्हणजे एका पृष्ठभागाने दुसऱ्याला घट्ट धरून राहणे, आणि नेमकी तीच क्रिया येथे बिघडलेली असते. या विकाराची जनुकीय कारणे हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या आजारामागे तीन वेगवेगळ्या जनुकांतील दोष आहेत, आणि त्यांपैकी नेमका कोणता हे कळल्याखेरीज ना उपचाराची दिशा ठरते, ना कुटुंबाला योग्य सल्ला देता येतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

श्वेतपेशी रक्तवाहिनीबाहेर पडतात, या ज्ञानाला दीर्घ इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या जिवंत ऊतींचे निरीक्षण करणाऱ्या संशोधकांना या पेशी वाहिनीच्या कडेला सरकताना आणि भिंतीतून पार होताना दिसल्या होत्या, आणि १८६७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी पू मुख्यतः रक्तातून आलेल्या श्वेतपेशींचा बनतो, हे आपल्या प्रयोगांतून मांडले. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत काटा खुपसून त्याभोवती भटक्या पेशी गोळा होतात, हे पाहिले आणि जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या भक्षकपेशींचा सिद्धान्त मांडला, ज्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासह देण्यात आले. तथापि पेशी भिंतीपाशी नेमकी कशाच्या आधारे थांबते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली, आणि ते उत्तर मिळवून देण्यात या दुर्मीळ आजाराने ग्रासलेल्या बालकांच्या रक्ताचा फार मोठा हातभार लागला.

आज ज्ञात असलेली प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडते. ऊतीत संसर्ग झाला की जवळच्या रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने प्रकट होतात. श्वेतपेशीच्या पृष्ठभागावरील सायलिल लुईस एक्स या शर्करायुक्त रचनेला ती क्षणभर पकडतात आणि सोडतात, त्यामुळे वेगाने वाहणारी पेशी अस्तरावरून घरंगळू लागते व तिचा वेग मंदावतो. त्यानंतर अस्तरावरील रासायनिक संदेश पेशीपर्यंत पोहोचतात आणि तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने, जी एरवी दुमडलेल्या व निष्क्रिय अवस्थेत असतात, ती ताठ उभी राहून अस्तरावरील जोडीदार प्रथिनांना घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातील फटीतून ऊतीत उतरते. पुरात वाहणारी नाव काठाला लावताना आधी दोराने तिचा वेग आवरावा लागतो आणि मग ती खुंटाला बांधावी लागते, तसाच काहीसा हा क्रम आहे. त्यातून तीन गरजा स्पष्ट होतात : वेग आवरणारी शर्करा-रचना पेशीवर असली पाहिजे, बांधणारे इंटिग्रिन असले पाहिजे आणि त्या इंटिग्रिनला जागे करणारी आतली यंत्रणा शाबूत असली पाहिजे. एलएडीचे तीन प्रकार म्हणजे या तीन गरजांपैकी एकेकीचा जन्मजात अभाव होय.

पहिल्या प्रकाराची ओळख पटण्यामागे अगदी साधे असे एक शारीरिक लक्षण होते. नवजात बालकाची नाळ सामान्यतः एक-दोन आठवड्यांत सुकून पडते, कारण तेथे जमलेल्या श्वेतपेशी मृत ऊती विरघळवून तिला मोकळे करतात. ज्या बालकांत त्या पेशी तेथवर पोहोचतच नाहीत, त्यांची नाळ तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चिकटून राहते आणि बेंबीला वारंवार संसर्ग होतो. १९७९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात नाळ उशिरा पडणे, पसरलेले संसर्ग आणि श्वेतपेशींची मंद हालचाल यांचा परस्परसंबंध दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी अशा एका रुग्णाच्या श्वेतपेशींवर एक विशिष्ट शर्करायुक्त प्रथिन नसल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. १९८०च्या दशकात एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे, म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, उपलब्ध झाल्यावर या पेशींवर एकच नव्हे तर अनेक प्रथिने एकाच वेळी गैरहजर आहेत, हे उघड झाले. या प्रथिनांच्या जोडीतील मोठा घटक प्रत्येकात निराळा असला तरी धाकटा घटक सर्वांत समान होता. त्या समान घटकाला आज सीडी१८ म्हणतात, आणि त्याचे जनुक, आयटीजीबी२, एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. १९८७ मध्ये टिमोथी स्प्रिंगर यांच्या गटाने हा विकार याच घटकातील विविध उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे जनुकाच्या अक्षरक्रमातील बदलांमुळे, होतो हे सिद्ध केले.

येथे जनुकशास्त्राच्या दृष्टीने एक महत्त्वाचा धडा आहे. सीडी११ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या घटकांची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर आहेत आणि या रुग्णांत ती पूर्णपणे निर्दोष असतात. पेशी त्या जनुकांनुसार प्रथिने तयारही करते, परंतु जोडीदार सीडी१८ न मिळाल्यामुळे ती पेशीच्या आतच अडकून पडतात व नष्ट केली जातात. एका जनुकातील दोषाने दुसऱ्या गुणसूत्रावरील निर्दोष जनुकांचे कार्यही निष्फळ ठरते, म्हणून जे प्रथिन दिसत नाही त्याचेच जनुक बिघडले असावे, हा तर्क नेहमी खरा ठरत नाही. उत्परिवर्तनांचे स्वरूपही वेगवेगळे असते. काहींत प्रथिनाची जडणघडण अर्ध्यावरच थांबते; काहींत एकच अमिनो आम्ल बदलते, आणि असे बहुतेक बदल ज्या भागात सीडी१८ आपल्या जोडीदाराशी जुळते त्या, उत्क्रांतीत फारसा न बदललेल्या, भागात आढळतात; तर अपवादाने प्रथिन पृष्ठभागावर दिसते पण काम करत नाही. ज्या बालकांच्या पेशींवर सीडी१८ चे प्रमाण सामान्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी असते, त्यांचा आजार अतिशय तीव्र असतो आणि मूलपेशींचे प्रत्यारोपण न झाल्यास त्यांपैकी बहुसंख्य बालके पहिल्या काही वर्षांतच दगावतात. ज्यांच्यात ते दोन ते तीस टक्क्यांच्या दरम्यान असते, ती मोठेपणापर्यंत जगू शकतात, जरी हिरड्यांचे विकार व न भरणाऱ्या जखमा त्यांची पाठ सोडत नाहीत. जनुकातील बदल आणि आजाराची तीव्रता यांचा इतका स्पष्ट संबंध फार थोड्या विकारांत दिसतो.

हाच दोष माणसापुरता मर्यादित नाही. होल्स्टिन जातीच्या गाईंच्या वासरांत आढळणारी आसंजन-न्यूनता, जिला ‘बीएलएडी’ म्हणतात, त्याच सीडी१८ प्रथिनातील १२८व्या स्थानी एकच अमिनो आम्ल बदलल्याने होते, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले. हे उत्परिवर्तन १९५२ मध्ये जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या वळूपर्यंत मागे नेता येते, आणि कृत्रिम रेतनामुळे त्याचा वंश इतका पसरला की त्या काळी अमेरिकेतील तपासलेल्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे चौदा टक्के या दोषाचे वाहक निघाले. दुधासाठी निवडलेल्या गुणाबरोबर एक घातक बदलही जगभर कसा पोहोचतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्राच्या दुग्धव्यवसायाशीही त्याचा थेट संबंध आहे, कारण येथील संकरित गाईंत होल्स्टिनचा अंश मोठा आहे, आणि म्हणूनच गोठित रेतासाठी निवडल्या जाणाऱ्या अशा वळूंची बीएलएडी चाचणी करण्याचा निकष भारतात ठरवण्यात आला आहे. वाहक ओळखून त्यांना प्रजननातून वगळल्यावर हा विकार झपाट्याने कमी झाला. माणसांच्या बाबतीत असा मार्ग ना शक्य आहे ना इष्ट. तेथे ज्ञान कुटुंबाच्या हाती देणे आणि निर्णय त्याच्यावर सोपवणे हाच मार्ग उरतो.

दुसऱ्या प्रकाराची कथा मुंबईशी जोडलेली आहे. १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, जो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. ए व बी हे रक्तगट ज्या मूळ रचनेवर उभे राहतात, तिला एच प्रतिजन म्हणतात, आणि ती फ्यूकोज नावाची शर्करा एका साखळीच्या टोकाला जोडल्याने तयार होते. ही जोडणी करणाऱ्या विकराचे जनुक, एफयूटी१, निकामी असेल तर एच प्रतिजनच बनत नाही आणि अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही. हा रक्तगट असलेले लोक एरवी पूर्णपणे निरोगी असतात. १९९२ मध्ये मात्र इस्राएलमध्ये अमोस एत्झिओनी व सहकाऱ्यांनी अशा दोन मुलांचे वर्णन केले, ज्यांना वारंवार संसर्ग होत, ज्यांची शारीरिक व बौद्धिक वाढ खुंटलेली होती, ज्यांच्या श्वेतपेशींवर सीडी१८ पुरेसे होते, आणि ज्यांचा रक्तगट बॉम्बे होता. या अनपेक्षित योगानेच कारणाची दिशा दाखवली : सायलिल लुईस एक्स या, वेग आवरणाऱ्या रचनेतही फ्यूकोज असते, म्हणजे या मुलांत फ्यूकोज जोडणारे एखादे सुटे विकर नव्हे, तर फ्यूकोजचा पुरवठाच बिघडलेला असला पाहिजे.

२००१ मध्ये हा तर्क खरा ठरला. पेशीच्या गॉल्जी संकुलात, जेथे प्रथिनांना शर्करा जोडल्या जातात, तेथे फ्यूकोज पोहोचवणारे वाहक प्रथिन एसएलसी३५सी१ या अकराव्या गुणसूत्रावरील जनुकानुसार बनते, आणि दोष त्याच जनुकात असल्याचे दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. रक्तगटाचा आणि प्रतिकारशक्तीचा हा संबंध काळजीने समजून घेतला पाहिजे, कारण चुकीच्या समजुतीने निरोगी कुटुंबे विनाकारण भयभीत होऊ शकतात. सर्वसाधारण बॉम्बे रक्तगटात केवळ एच प्रतिजन बनवणारे विकर निकामी असते. श्वेतपेशींवरील सायलिल लुईस एक्ससाठी लागणारी विकरे निराळ्या जनुकांवर अवलंबून असून ती शाबूत असतात, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढत नाही. चिन्ह एकच, पण कारण वेगळे आणि परिणामही वेगळा. कारण कळल्याने येथे एक उपचारही सुचला : तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर काही बालकांत सिलेक्टिनला धरणारी रचना पुन्हा दिसू लागली आणि संसर्ग कमी झाले, तर वेगळे उत्परिवर्तन असलेल्या इतर काहींत हा उपाय तितका लागू पडला नाही. वाहक प्रथिनाची उरलेली क्षमता किती, यावर ते अवलंबून असते. म्हणजे एकाच जनुकातील दोन बदलही उपचाराच्या दृष्टीने समान नसतात.

तिसऱ्या प्रकारात शर्करा-रचनाही असते आणि इंटिग्रिनही असते, तरीही पेशी थांबत नाही. या बालकांना संसर्गाबरोबरच रक्तस्रावाचाही त्रास होतो, कारण रक्त थांबवणाऱ्या पट्टिकाही याच कुळातील इंटिग्रिनच्या आधारे एकमेकींना चिकटतात. श्वेतपेशी आणि पट्टिका यांचे इंटिग्रिन निरनिराळ्या जनुकांवर आधारलेले असूनही दोन्ही एकाच वेळी निष्क्रिय असणे, याचा अर्थ दोष त्यांना जागे करणाऱ्या सामाईक यंत्रणेत आहे, असे अनुमान निघाले. तो शोधताना संशोधकांची काही काळ दिशाभूल झाली, कारण काही तुर्की कुटुंबांतील रुग्णांत अकराव्या गुणसूत्रावरील दुसऱ्याच एका जनुकात बदल सापडला आणि दोष त्याच्याच माथी मारला गेला. पुढे त्याच्या शेजारच्या एफईआरएमटी३ या जनुकातही त्याच रुग्णांत बदल आढळला, आणि २००९ मध्ये निर्दोष एफईआरएमटी३ पेशींत घातल्यावर त्यांची चिकटण्याची क्षमता परत येते, तर दुसरे जनुक घातल्याने ती येत नाही, हे प्रयोगाने दिसले. जवळजवळ असलेले दोन बदल पिढ्यान्पिढ्या एकत्र वाहत आले होते, इतकेच. या जनुकापासून बनणारे किंडलिन-३ हे प्रथिन इंटिग्रिनच्या पेशीतील शेपटीला जोडले जाऊन त्याला ताठ उभे करते. बदल सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे, हे तत्त्व या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते, आणि आज जनुकचाचण्या स्वस्त होऊन प्रत्येक अहवालात अनेक बदल नोंदले जात असताना ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिन्ही प्रकारांचा वारसा मात्र एकाच नियमाने चालतो. तिन्ही जनुके लिंगनिश्चिती न करणाऱ्या गुणसूत्रांवर आहेत आणि दोष अप्रभावी आहे, म्हणजे आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती वाहक असते आणि निरोगी राहते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, मग आधीचे अपत्य आजारी असो वा निरोगी. आणि रुग्णाचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन असते. मुलगा व मुलगी या दोघांनाही धोका सारखाच असल्यामुळे आणि दोष दोन्ही बाजूंनी आलेला असल्यामुळे आईला वा तिच्या माहेरला दोष देण्यास जनुकशास्त्रात यत्किंचितही आधार नाही. नात्यातील विवाहात मात्र दुर्मीळ दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते : सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळांत एक, तर मामा-भाचीच्या अपत्यात आठांत एक असते. महाराष्ट्राच्या काही भागांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा जुनी आहे, म्हणून हा हिशेब येथील कुटुंबांना कोणावरही ठपका न ठेवता पण स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे.

निदानाच्या दृष्टीने हे ज्ञान तातडीचे आहे. रक्तातील श्वेतपेशींची संख्या, जी सामान्यतः एका मायक्रोलिटरमध्ये चार ते अकरा हजार असते, ती या बालकांत वीस हजारांहून कितीतरी वर जाते, आणि नेमक्या याच आकड्यामुळे कधी रक्ताच्या कर्करोगाची शंका घेतली जाते, तर कधी केवळ तीव्र संसर्ग समजून औषधे बदलत वेळ घालवला जातो. नाळ उशिरा पडणे, पू न धरणाऱ्या जखमा आणि वाढलेल्या श्वेतपेशी हे तीन धागे एकत्र दिसले, तर प्रकाशकिरणांच्या साहाय्याने पेशींवरील प्रथिने मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या चाचणीने सीडी१८ तपासता येते. ते कमी असल्यास पहिला प्रकार निश्चित होतो. ते सामान्य असल्यास शंका सोडून न देता रक्तगट आणि पट्टिकांचे कार्य तपासणे आवश्यक ठरते. मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या कामात अग्रभागी आहे, आणि देशभरातील केंद्रांच्या सहकार्याने तिने २०२० मध्ये शंभराहून अधिक भारतीय रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जगभरात मिळून काही शेच रुग्ण नोंदले गेले असताना ही संख्या मोठी आहे, आणि भारतात हा आजार दुर्मीळ आहे त्याहून अधिक तो दुर्लक्षित आहे, असेच ती सुचवते. कुटुंबातील उत्परिवर्तन माहीत असेल तर पुढील गरोदरपणी गर्भाच्या वारेतील पेशींची चाचणी करता येते. त्यासाठी आजारी बालक जिवंत असतानाच त्याचा नमुना जतन होणे फार महत्त्वाचे असते.

उपचारांतही कारणाचे ज्ञान निर्णायक ठरले आहे. पहिल्या व तिसऱ्या प्रकारात निरोगी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हा आजवरचा खात्रीचा इलाज आहे. जुळणारा दाता नसलेल्या बालकांसाठी स्वतःच्याच मूलपेशींत आयटीजीबी२ ची निर्दोष प्रत घालण्याची जनुकोपचार पद्धती विकसित झाली असून, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या प्रकाराच्या तीव्र आजाराची नऊही बालके उपचारानंतर वर्षभर प्रत्यारोपणाविना जिवंत होती. हिरड्यांच्या विकाराबाबतची समजूतही बदलली. तो केवळ जंतूंमुळे होतो असे पूर्वी मानले जाई. परंतु ऊतीत श्वेतपेशी पोहोचत नसल्याने दाह वाढवणारे रासायनिक संदेश आवरले जात नाहीत आणि त्यांतूनच हाड झिजते, हे दिसून आले, आणि त्या संदेशांना अडवणाऱ्या औषधाचा एका रुग्णाला झालेला लाभ २०१७ मध्ये नोंदला गेला.

प्रस्तुत ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी, ग्रामीण व निमशहरी भागांत बालकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि ज्यांच्या घरात असे बालक जन्मले आहे त्या पालकांसाठी आहे. जीवशास्त्राचे शालेय ज्ञान पुरेसे मानून प्रत्येक संज्ञा प्रथम येते तेथेच स्पष्ट केली आहे, आणि जनुकांची व प्रथिनांची नावे प्रयोगशाळेच्या अहवालांत जशी येतात तशीच ठेवली आहेत, जेणेकरून वाचकाला हातातील अहवाल आणि ग्रंथ यांची सांगड घालता यावी. आधी श्वेतपेशींचा रक्तवाहिनीबाहेरचा प्रवास, मग एकेका जनुकाचा स्वतंत्र विचार आणि शेवटी निदान, उपचार व कौटुंबिक सल्ला असा विषयाचा क्रम आहे. हा आजार मोजक्या कुटुंबांना होतो, म्हणून त्याचे ज्ञानही मोजक्या तज्ज्ञांपुरते राहावे, हे योग्य नाही. कारण नाळ वेळेवर पडली का, ही चौकशी प्रसूतीनंतर घरी येणारी आरोग्यसेविका करते, आणि पहिला संशय तिच्याच नोंदीतून उभा राहू शकतो. ती नोंद, एक रक्तचाचणी आणि जनुकाचे निश्चित निदान एवढ्या तीन पायऱ्या वेळेत ओलांडल्या गेल्या, तर आज निनावी तापात दगावणाऱ्या अनेक बालकांना उपचारापर्यंत पोहोचता येईल, आणि ते घडवून आणण्याची जबाबदारी वैद्यकाइतकीच सर्व समाजाचीही आहे.